कर्णबधिर विद्यार्थ्यांचे इंग्रजी आणि पहिल्या भाषेचा पाया



"काल मी बाजारात गेलो" हे वाक्य इंग्रजीत लिहावयास सांगितले असता सहावी-सातवीतील एखादा विद्यार्थी "यस्टर्डे आय गो मार्केट" असे लिहितो. 'गो'च्या जागी 'वेंट' हवे होते. 'टु' आणि 'द' हे दोन लहान शब्द गळून पडले आहेत. हेच वाक्य दोन अगदी भिन्न वर्गांत आढळते. एक वर्ग मराठी माध्यमाच्या शाळेतील असतो, दुसरा कर्णबधिर मुलांच्या शाळेतील. चूक तीच असते, तथापि तिच्यावर दिला जाणारा निर्णय सारखा नसतो. पहिल्या विद्यार्थ्याविषयी शिक्षक म्हणतात, "इंग्रजी परकी भाषा आहे, सरावाने येईल." दुसऱ्याविषयी पुष्कळदा असे म्हटले जाते की, "हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे."

एकाच चुकीस दोन निरनिराळे न्याय का लावले जातात, त्यांपैकी कोणता न्याय वस्तुस्थितीस धरून आहे आणि त्यावरून शाळेने, शासनाने व ग्रामपंचायतीने काय करावयास हवे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. देशात २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार इतकी नोंदली गेली. त्यांपैकी शाळेत जाणाऱ्या मुलांचे पुढील शिक्षण, नोकरी, अर्ज लिहिण्याची व नियम वाचण्याची क्षमता ही सर्व लिखित भाषेवर अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या तासापुरता मर्यादित राहत नाही.

गोरेगावातील दोन मुले

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील गोरेगाव हे या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचे ठिकाण आहे. पूर्वेस आरे दुग्ध वसाहत आणि तिच्या परिसरातील आदिवासी पाडे, पश्चिमेस मोतीलालनगर, सिद्धार्थनगर, बांगूरनगर यांसारख्या वसाहती, अशा या उपनगरात अनेक भाषा एकत्र नांदतात. एकाच गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू व दक्षिणेकडील भाषा कानी पडतात, तर पाड्यांवर वारली बोली ऐकू येते. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालत आलेल्या आहेत, हे या बहुभाषिक जीवनाचेच प्रतिबिंब होय.

अशा गोरेगावात वाढणारे, ऐकू येणारे मराठी मूल इंग्रजी शिकू लागते तेव्हा ते रिकाम्या हाताने येत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू करण्यात आला. तत्पूर्वी मराठी शाळांत तो पाचवीपासून असे. परंतु पहिलीतले मूल शाळेत पाऊल टाकते त्यावेळी त्याच्याजवळ मराठीची संपूर्ण वाक्यरचना तयार असते. "आई आली", "आई येईल", "आई आली असती तर" या तीन वाक्यांतील फरक त्याला कोणी शिकवलेला नसतो. तो त्याने पाच-सहा वर्षे कानाने टिपलेला असतो. शिवाय इंग्रजीही त्याच्या कानावर येतच असते. रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजीत होतात. 'प्लॅटफॉर्म', 'फास्ट लोकल', 'नेक्स्ट स्टेशन' हे शब्द त्याला न शिकताच येतात.

आता त्याच चाळीत जन्मतः बहिरे असलेले दुसरे मूल आहे असे समजावे. त्याची बुद्धी पहिल्या मुलाइतकीच आहे. त्याचे आईवडील ऐकू शकतात व मराठी बोलतात. अमेरिकेतील पाहणीनुसार तेथील ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि आपल्याकडील शिक्षकांचा अनुभवही त्यास अनुसरूनच आहे. त्या घरी कोणालाही खुणांची भाषा अवगत नसते. 'जेव', 'पाणी', 'ये', 'नको' एवढ्या चार-दोन हातवाऱ्यांवर व्यवहार चालतो. त्या हातवाऱ्यांनी तहान सांगता येते; परंतु "मामा काल का आला नाही?" हा प्रश्न विचारता येत नाही, आणि त्याचे उत्तरही देता येत नाही. अशा रीतीने पाच-सहा वर्षे उलटल्यावर हे मूल शाळेत येते. त्याच्याजवळ जिज्ञासा असते, स्मरणशक्ती असते, पण पूर्ण अशी एकही भाषा नसते.

दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या चुका

परकी भाषा शिकताना होणाऱ्या चुका म्हणजे आळस किंवा निष्काळजीपणा, अशी समजूत फार काळ रूढ होती. १९६७ साली पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी या समजुतीस धक्का दिला. विद्यार्थ्याच्या चुकांवरून त्याने मनाशी भाषेचे कोणते नियम बांधले आहेत ते कळते, असे त्यांनी दाखवून दिले. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या अशा अपुऱ्या परंतु नियमबद्ध भाषेस 'आंतरभाषा' या अर्थाचे नाव दिले. मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांच्या मधल्या वाटेवरील तो एक मुक्काम होय.

मराठी विद्यार्थ्याची ही मधली भाषा प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. मराठीत 'अ' किंवा 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून तो ती गाळतो. मराठीत 'टेबलावर' असा प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो, तर इंग्रजीत 'ऑन' हा शब्द पुढे येतो. म्हणून तो तेथे अडखळतो. "जो मुलगा काल आला तो माझा मित्र आहे" या मराठी वाक्यातील 'जो-तो' ही जोडी तो इंग्रजीत उतरवतो आणि "व्हिच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय फ्रेंड" असे लिहून मोकळा होतो. ही वाक्ये चुकीची असली तरी त्यांमागे विचार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट १९७४ साली हायडी डुले आणि मरीना बर्ट यांच्या अभ्यासातून पुढे आली. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषिक व चिनीभाषिक मुलांची त्यांनी तुलना केली. दोन्ही मातृभाषा एकमेकींहून अगदी भिन्न असतानाही इंग्रजीतील प्रत्यय व लहान शब्द दोन्ही गटांना बव्हंशी एकाच क्रमाने येत गेले. 'गोइंग', 'ईटिंग' यांतील 'इंग' लवकर आले, तर 'ही गोज' यातील शेवटचा 'स' उशिरा आला. याचा अर्थ असा की, काही अडचणी शिकणाऱ्याच्या मातृभाषेमुळे नव्हे, तर खुद्द इंग्रजीच्या घडणीमुळेच निर्माण होतात. त्या सर्वांनाच पार कराव्या लागतात.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या चुका

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या इंग्रजी व्याकरणाचा मोठा अभ्यास १९७० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीफन क्विग्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दहा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना नकार, प्रश्न, क्रियापदाची रूपे, कर्मणी प्रयोग, संबंधदर्शक उपवाक्ये अशा अनेक रचनांवर त्यांनी तपासले. त्यातून दोन निष्कर्ष निघाले. पहिला असा की, कर्णबधिर मुले या रचना पुष्कळ अंशी ऐकणाऱ्या मुलांच्याच क्रमाने शिकतात. म्हणजे त्यांची शिकण्याची शक्ती निराळी किंवा विकृत नाही. दुसरा निष्कर्ष मात्र चिंता वाटावी असा होता. अठरा वर्षांच्या कर्णबधिर विद्यार्थ्यांचे सरासरी गुण आठ वर्षांच्या ऐकणाऱ्या मुलांच्या सरासरीपेक्षाही कमी भरले. रस्ता तोच, पण वेग अतिशय मंद, असा त्याचा अर्थ होता.

वेग मंद होण्याचे कारण ध्वनींच्या स्वरूपात आहे. इंग्रजीचे व्याकरण पुष्कळसे अतिशय क्षीण ध्वनींवर उभे आहे. 'स' या ध्वनीची शक्ती मुख्यत्वे चार हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते, आणि अनेक श्रवणदोषांत नेमकी हीच पट्टी प्रथम व अधिक बाधित होते. 'वॉक्ड'मधील अखेरचा ध्वनी, 'द', 'अ', 'टु' हे सर्व बोलताना जोर न देता उच्चारले जातात. श्रवणयंत्र लावूनही ते निसटतात.

ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखावे म्हटले, तर तेथेही अडचण आहे. 'पान', 'बाण' आणि 'मान' हे तीन शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहावेत. ओठांवर ते जवळजवळ सारखेच दिसतात. 'क' आणि 'ग' यांसारखे घशाकडील ध्वनी तर दिसतच नाहीत. संदर्भ व आधीचे भाषाज्ञान असेल तरच ओष्ठवाचन उपयोगी पडते. ज्याला भाषाच शिकावयाची आहे त्याच्यासाठी ते अपुरे साधन ठरते.

परिणामी वाचताना असा विद्यार्थी ठळक शब्द उचलतो आणि त्यांच्या क्रमावरून अर्थ लावतो. "द बॉय वॉज हेल्प्ड बाय द गर्ल" या वाक्याचा अर्थ तो "मुलाने मुलीला मदत केली" असा करतो, कारण 'वॉज' आणि 'बाय' हे शब्द त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचे असतात. "द बॉय हू हेल्प्ड द गर्ल रॅन अवे" हे वाचून कोण पळाले असे विचारल्यास तो "मुलगी" असे उत्तर देतो, कारण 'गर्ल' आणि 'रॅन' हे शब्द शेजारी-शेजारी आले आहेत. ही अडचण मराठीतही आहे, हे ग्रामीण भागातील शिक्षकांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावे. "रामने श्यामला हाक मारली" आणि "रामला श्यामने हाक मारली" यांतील सारा भेद 'ने' आणि 'ला' या दोन अक्षरांत आहे. ती न ऐकलेल्या मुलाला ही दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात. तेव्हा वाचनातील अपयश प्रथम मराठीतच दिसते. इंग्रजीत ते केवळ अधिक उघडे पडते.

साम्य कोठे संपते?

येथवर पाहिल्यास दोन्ही विद्यार्थ्यांच्या चुकांत पुष्कळ साम्य आहे. दोघेही उपपदे गाळतात, दोघेही काळाची रूपे चुकवतात, दोघांनाही 'हू' व 'व्हिच' यांची उपवाक्ये अवघड जातात. मग एक पुढे जातो आणि दुसरा मागे का राहतो?

१९७४ साली वेडा चॅरो आणि जे. डी. फ्लेचर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा कर्णबधिर युवकांना दिली. ज्यांचे आईवडीलही कर्णबधिर होते आणि ज्यांना घरी लहानपणापासून खुणांची भाषा मिळाली होती, ते इतर कर्णबधिर युवकांपेक्षा सरस ठरले. एवढेच नव्हे तर त्यांच्या उत्तरांचे स्वरूप परदेशी विद्यार्थ्यांच्या उत्तरांशी अधिक जुळले. इंग्रजी ही त्यांची दुसरी भाषा होती.

या प्रश्नाचा अधिक स्पष्ट उलगडा २००२ साली कॅनडात रेचेल मेबेरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने केला. त्यांनी प्रौढांच्या तीन गटांचे इंग्रजी तपासले. पहिल्या गटातील व्यक्ती ऐकणाऱ्या होत्या; त्यांच्या घरी उर्दू, फ्रेंच, जर्मन, ग्रीक यांसारखी भाषा होती आणि इंग्रजी त्या नंतर शिकल्या होत्या. दुसऱ्या गटातील व्यक्ती जन्मतः कर्णबधिर होत्या, परंतु त्यांना बालपणीच अमेरिकी सांकेतिक भाषा मिळाली होती. तिसऱ्या गटातील कर्णबधिर व्यक्तींना बालपणी कोणतीच भाषा पुरेशी मिळाली नव्हती. पहिले दोन गट इंग्रजीच्या व्याकरणात जवळपास बरोबरीचे ठरले. तिसरा गट फार मागे राहिला.

या निष्कर्षाचे महत्त्व सामान्य नाही. घरी उर्दू बोलणारा ऐकणारा मनुष्य आणि खुणांची भाषा बोलणारा कर्णबधिर मनुष्य हे इंग्रजीच्या बाबतीत एका पायरीवर उभे आहेत, कारण दोघांपाशी पहिली भाषा आहे. पहिली भाषा कानाने आली की डोळ्यांनी, याने फारसे बिघडत नाही. ती वेळेवर आली की नाही, यावर मात्र सर्व काही अवलंबून असते. "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" ही आपल्याकडील म्हण येथे शब्दशः लागू पडते. ज्या मुलाच्या मनात एकाही भाषेची घडण झालेली नाही, त्याच्याकडून दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि अपेक्षा पुरी न झाल्यास त्याच्या बुद्धीस दोष देणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

खुणांच्या भाषेचा इतिहास

येथे सहज प्रश्न पडतो की, ही गोष्ट एवढी सरळ असताना खुणांच्या भाषेस शाळेत स्थान का मिळाले नाही? त्याचे उत्तर इतिहासात आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने वर्गात केवळ मौखिक पद्धतीचाच अवलंब करावा असा ठराव केला. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा निघाली. देशातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. त्या काळात स्थापन झालेल्या व पुढे वाढलेल्या बहुसंख्य शाळांवर मौखिक पद्धतीचा प्रभाव राहिला. बोलणे शिकवण्यासाठी शिक्षकांनी घेतलेले परिश्रम आदरास पात्र आहेत, आणि अनेक मुलांना त्याचा लाभही झाला. परंतु ज्यांना पुरेसे ऐकू येत नव्हते, त्यांची भाषा शिकण्याची मोलाची वर्षे उच्चारांच्या सरावात निघून गेली.

१९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील खुणांची भाषा ही स्वतंत्र रचना असलेली भाषा आहे, असे प्रतिपादन केले. १९७० च्या दशकात मदन वासिष्ठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगलोर या शहरांतील खुणांचा अभ्यास केला. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली, आणि २००१ पासून तेथे भारतीय सांकेतिक भाषेचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू झाले. २०१५ साली नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या कोशाची १० हजार शब्दांची आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मिलानचा ठराव २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेने अधिकृतपणे फेटाळला. चुकीची दिशा सुधारण्यास १३० वर्षे लागली.

भारतीय सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. काळ दर्शविणारी खूण बहुधा आरंभी येते. नकाराची व प्रश्नाची खूण बहुधा वाक्याच्या अखेरीस येते. "तुझे नाव काय?" या मराठी वाक्यात 'काय' जेथे येते तेथेच ती प्रश्नखूण येते. भुवया, मान व चेहरा यांच्या हालचालींनाही व्याकरणात निश्चित कार्य आहे. ही भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याने "यस्टर्डे आय गो मार्केट" असे लिहिले, तर 'काल' ही खूण आल्यावर क्रियापद बदलण्याची गरज त्याच्या भाषेत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. अशी चूक शिक्षकास समजावून देता येते, कारण तिला कारण आहे.

दोन शंका

सांकेतिक भाषा शिकवली तर मूल बोलावयाचे सोडून देईल, अशी शंका पालक व्यक्त करतात. त्यांची तळमळ स्वाभाविक आहे. परंतु सांकेतिक भाषेमुळे वाचा खुंटते असे सिद्ध झालेले नाही. श्रवणयंत्र, वाचा-उपचार आणि सांकेतिक भाषा या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. केंद्र शासनाच्या साहाय्याने लहान मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करण्याची योजना आहे व वांद्र्याची संस्था त्या योजनेचे समन्वयाचे काम पाहते. ही शस्त्रक्रिया वेळेवर झाल्यास पुष्कळ मुलांना बोली भाषा चांगली येते. तथापि सर्वांनाच तिचा सारखा लाभ होत नाही, आणि लाभ होईल की नाही हे कळण्यात काही काळ जातो. त्या काळात मुलाला भाषेविना ठेवणे हिताचे नाही.

दुसरी शंका सवलतीविषयी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात कर्णबधिर विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात एकच भाषा घेता यावी, अशी तरतूद करण्यात आली होती. तिच्यामुळे कित्येक विद्यार्थी शालान्त परीक्षा पार करू शकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु सवलत हा विद्यार्थ्याचा पर्याय असावा. शाळेने त्याच्या वतीने आधीच घेतलेला निर्णय नसावा. जो इंग्रजी शिकू इच्छितो त्याला ते शिकवण्याची व्यवस्थाच नसेल, तर उच्च व तांत्रिक शिक्षणाची अनेक दारे त्याच्यासाठी बंद होतात.

वर्गात काय करता येईल?

कर्णबधिर विद्यार्थ्यास इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकवावी, हे या विवेचनाचे सार आहे. त्यासाठी फार खर्चाची साधने लागत नाहीत.

एकच आशय फळ्यावर तीन रकान्यांत मांडावा. पहिल्या रकान्यात सांकेतिक भाषेतील खुणांचा क्रम, दुसऱ्यात मराठी वाक्य व तिसऱ्यात इंग्रजी वाक्य असावे. कोणता शब्द कोठून कोठे गेला आणि इंग्रजीत कोणता नवा शब्द आला, हे रंगीत खडूने दाखवावे. कानाला न लागणारे 'स', 'ड', 'द' हे डोळ्यांना ठळक दिसले पाहिजेत.

कर्मणी प्रयोग व्याख्येने शिकवू नये, कृतीने शिकवावा. दोन विद्यार्थ्यांना उभे करून एकाने दुसऱ्यास मदत करावी आणि त्या एका घटनेची दोन्ही वाक्ये समोर लिहावीत. कोणी केले आणि कोणास केले, हे विद्यार्थ्याने दोन्ही वाक्यांत बोटाने दाखवावे.

वही तपासताना प्रत्येक शब्दावर लाल रेघ ओढू नये. एका वेळी एकाच प्रकारची चूक निवडावी. संवाद-वही हाही एक उपयुक्त मार्ग आहे. विद्यार्थी मनातील काहीही दोन-चार ओळींत लिहितो, आणि शिक्षक चूक न काढता त्याच वहीत योग्य वाक्यरचनेत उत्तर लिहितात. विद्यार्थ्याने "आय go" या ठशाचे वाक्य लिहिले असेल, तर शिक्षकाच्या उत्तरात 'वेंट' सहजपणे येते. अमेरिकेत १९८० च्या दशकात कर्णबधिरांच्या शिक्षणात या पद्धतीचा चांगला उपयोग करण्यात आला.

वाचनासाठी रोजच्या व्यवहारातील इंग्रजी घ्यावे. रेल्वेचे तिकीट, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, बँकेची पावती, नोकरीची जाहिरात यांतील भाषा विद्यार्थ्यास उपयोगी वाटते, म्हणून ती टिकते. २०१५ नंतर भारतात कर्णबधिर युवकांसाठी झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हेच तत्त्व अवलंबिले होते. तेथे शिकवणारेही कर्णबधिर होते आणि अध्यापनाची भाषा भारतीय सांकेतिक भाषा होती. कर्णबधिर शिक्षक वर्गात असणे ही कर्णबधिर मुलांसाठी फार मोठी गोष्ट आहे. आपल्यासारखाच एक मनुष्य इंग्रजी वाचतो व लिहितो, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

शासन आणि पंचायतीचे कार्य

शिक्षकांचे काम सहाव्या वर्षी सुरू होते. भाषेचे काम मात्र पहिल्या वर्षीच सुरू व्हावयास हवे. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला जाऊन लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे राहिली. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना हे सूत्र जगभर स्वीकारले गेले आहे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. तपासणीत संशय आलेले प्रत्येक मूल पुढील केंद्रापर्यंत खरोखर पोहोचले की नाही, याची विचारपूस ग्रामपंचायत सदस्य करू शकतात. "मूल उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिरा बोलला होता" असे सांगून घरची मंडळी थांबतात. अशा वेळी आशा सेविकेच्या व सरपंचाच्या एका शब्दाने दोन वर्षे वाचू शकतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. वैयक्तिक साहित्याच्या वाटपाबरोबरच त्या निधीच्या नियमांत बसेल त्याप्रमाणे कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांसाठी सांकेतिक भाषेचे वर्ग भरवता आले, तर तो पैसा पिढीभर उपयोगी पडेल. कारण शाळेत शिकलेली भाषा घरी कोणालाच समजत नसेल, तर मूल संध्याकाळी पुन्हा एकटे पडते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने कर्णबधिरांना योग्य भाषेतून व योग्य साधनांनी शिक्षण देण्याचे तसेच सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याचे कर्तव्य सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा व त्या भाषेतील अध्ययन-साहित्याचा पुरस्कार केला. पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर करार झाला, आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त शाळेने माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून आणली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. कायदा, धोरण, कोश व विभाग ही सर्व साधने आता उपलब्ध आहेत. ती गोरेगावच्या चाळीतील आणि दुर्गम पाड्यावरील घरापर्यंत नेणे, हे काम स्थानिक शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्याच हातून होणार आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या वहीतील सदोष इंग्रजी वाक्य समोर आले असता त्याच्या कुवतीचा निवाडा करण्यापूर्वी शिक्षकाने दोन साधे प्रश्न विचारावेत : या मुलाला पहिली भाषा कोणती मिळाली, आणि कोणत्या वयात मिळाली? उत्तर समाधानकारक असेल, तर इंग्रजीचे व्याकरण हा सराव आणि योग्य पद्धती यांचा प्रश्न उरतो. उत्तर समाधानकारक नसेल, तर आधी भाषेचा पाया घालण्यास लागावे. आणि त्याच गावात यावर्षी जन्मलेल्या मुलांच्या कानांची तपासणी झाली आहे किंवा नाही, याची चौकशी त्याच दिवशी करावी.